उन्हाचं काम उन्हात: किनाऱ्यावरच्या घरात वेळेचं नियोजन कसं करावं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आमसुलांसाठी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून झाले होते आणि सालांना मिठाच्या रसाची चार पुटं बसली होती. अजून दोन-तीन पुटं दिली की वर्षभराची आमसुलं तयार झाली असती. त्या दिवशी सकाळी आठपासून कडक ऊन होतं. मी मात्र आधी पाहुण्यांच्या खोल्यांचा हिशेब लिहायला बसले. मग मसाल्याचे डबे पुसले, मग फोनवर आलेल्या चौकशांना उत्तरं दिली. सालांना पुट देऊन ती खळ्यात पसरली तेव्हा बारा वाजून गेले होते. अडीचला आभाळ भरून आलं आणि वळवाची सर अशी कोसळली की चटया उचलून पडवीत आणेपर्यंत सगळं भिजलं. पुढचे तीन दिवस ऊन पडलंच नाही. सालांना बुरशी धरली. वीस-बावीस किलो रातांबे आणि आठवड्याची मेहनत माडाच्या आळ्यात टाकावी लागली.

सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगो, हिशेब रात्री दिव्याखाली झाला असता. ऊन रात्री कुठून आणणार होतीस?"

त्या वाक्याने माझं डोकं जागेवर आणलं. त्या दिवशी मी एक मिनिटही रिकामी बसले नव्हते, तरीही नुकसान झालं होतं. कारण कामाची यादी करताना कुठलं काम किती वेळ घेईल एवढंच मी पाहत होते. ते काम कुठल्या वेळेचं आहे, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच प्रश्नाभोवतीचं आहे. गेली काही वर्षं आमच्या घरात ही पद्धत चालू आहे आणि तिने आम्हाला खरोखर मोकळा श्वास दिला आहे.

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून फार लांब नसलेल्या एका गावात आहे. घराला लागून नारळ-पोफळीचं आगर, टेकडीवर थोडी हापूसची कलमं आणि पाहुण्यांसाठी तीन खोल्या. घरात सासूबाई, मुलांचे बाबा, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. तुमचं घर वेगळं असेल, कुणी नोकरी करत असेल, कुणाचं दुकान असेल. पायऱ्या तरी याच लागू पडतील.

आधी एक आठवडा नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. एक साधी वही घ्या आणि येता-जाता हाताला लागेल अशा जागी ठेवा. आमची पडवीतल्या खुंटीला टांगलेली असते, पेन दोरीने बांधलेलं. एक काम सोडून दुसरं धरलं की वेळ आणि दोन शब्द लिहायचे: "७.१० आगर शिंपणं", "८.०० चहा, शेजारी बोलणं". फोनवर नोंद ठेवू नका. नोंद करायला फोन उचलला की पाच मिनिटं कुठे जातात कळत नाही. गणपती, शिमगा किंवा घरातलं लग्न असलेला आठवडाही निवडू नका. साधासुधा आठवडाच खरं सांगतो.

जिथे मनाला बरं वाटलं तिथे शेजारी एक टिपका द्या. ही गोष्ट लोक विसरतात. वेळ कुठे गेला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच आपल्याला कशाने हुशारी येते हेही.

माझ्या पहिल्या वहीने मला तीन गोष्टी दाखवल्या. आठवड्यात दापोलीच्या बाजाराला पाच फेऱ्या झाल्या होत्या आणि एसटीची वाट पाहणं धरून प्रत्येक फेरी अडीच तास खात होती. कोयता, खोल्यांच्या चाव्या, गॅसचं पुस्तक या तीन वस्तू शोधण्यात रोज वीस-पंचवीस मिनिटं जात होती. आणि सगळ्या आठवड्यात टिपके फक्त चार होते. त्यातले दोन संध्याकाळी वाळूवर चालून आल्याचे.

या कामाची वेळ कोण ठरवतं?

आता वहीतलं प्रत्येक काम घ्या आणि त्याला एकच प्रश्न विचारा: याची वेळ मी ठरवते की दुसरं कुणी? आमच्याकडे पाच धनी निघाले: ऊन, पाणी, वीज, माणसं आणि आपलं स्वतःचं डोकं. कामापुढे एक अक्षर लिहायचं: ऊ, पा, वी, मा, डो. ज्या कामापुढे अक्षर नाही ते काम कधीही होऊ शकतं. दिवसाच्या पानावर अक्षरवाली कामं आधी मांडायची आणि बिनअक्षराची मधल्या फटींत बसवायची. सगळ्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे.

पाणी म्हणजे भरती-ओहोटी, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. समुद्राकाठी राहूनही आपल्यातल्या कितीतरी जणांना हा हिशेब येईनासा झाला आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे भरती नऊला आणि ओहोटी सव्वातीनच्या आसपास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. सासूबाई हे बोटांवर मोजतात, कॅलेंडरात फक्त तिथी पाहून.

याचा रोजच्या जगण्यात केवढा उपयोग होतो! अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब मागे जातं. खाडीत तिसऱ्या, मुळे असे शिंपले वेचायला जायचं तर तेच दिवस, आणि ओहोटीच्या आधी तासभर पोचायचं. याच दिवसांत सूर्यास्ताला वाळू रुंद आणि घट्ट मिळते, म्हणून चालायला, मुलांना सायकल शिकवायला तीच संध्याकाळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी. पण भरती नेमकी सहाला येते, म्हणून संध्याकाळी वाळूवर जागा थोडी उरते. त्या दिवशी आम्ही टेकडीवर जातो. पाहुणे विचारतात, "समुद्रावर कधी जाऊ?" पूर्वी मी म्हणायची, "जा की केव्हाही." आता तिथी पाहून वेळ सांगते. हा हिशेब अंदाजाचा आहे, बरं का. होडीतून सुवर्णदुर्गाला जायचं असेल किंवा पाण्यात उतरायचं असेल तर बंदरावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

उन्हाची कामं आपल्याला माहीतच असतात: आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, पापड, सुकी मासळी, गाद्या, कपडे. चूक एवढीच होते की ऊन आहे तोवर आपण सावलीतली कामं करत बसतो.

विजेचं पावसाळ्यात विशेष. वारा सुटला की लाइन जाते आणि कधी येईल सांगता येत नाही. म्हणून वीज असेपर्यंत टाकी भरणं, वाटण करून ठेवणं, फोन आणि विजेरी चार्ज करणं एवढं उरकायचं. जूनपासून आमच्याकडे ही कामं सकाळी साडेआठच्या आत होतात.

माणसांची कामं म्हणजे एसटी, बँकेचं काउंटर, डॉक्टरांची वेळ, मुलांची शाळा, हर्णैचा मासळीचा लिलाव. इथे वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांची वेळ ती वेळ. यातच एक काम बसतं जे आपण माणसांचं मानतच नाही: मुलगी शाळेतून आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत ती सगळं सांगते. तासाभराने विचारलं तर "काही नाही" म्हणते. मी त्या वेळेपुढे मोठ्ठं "मा" लिहिलं आहे आणि तेव्हा मी कपडे घड्या घालत नाही, फोन घेत नाही.

मऊभाताआधीचं एक काम

पाचवा धनी आपलं डोकं. कोकणातल्या दमट हवेत दुपारी एकनंतर डोकं चालत नाही हे मान्य करून टाकावं. ज्या कामाला विचार लागतो, जे पुढे ढकलावंसं वाटतं, ते पहाटेपासून न्याहारीपर्यंत. आमच्या घरी नऊच्या सुमारास मऊभात, वर मेतकूट आणि तूप. त्याआधी रोज एक काम पुरं करायचं, एकच.

हे काम आदल्या रात्री ठरवायचं आणि त्याची सामग्रीही आदल्या रात्रीच काढून ठेवायची. ही अर्धी गुरुकिल्ली आहे. सकाळी पाच वाजता उठून "आज काय बरं करावं" असा विचार सुरू केला की चहातच सहा वाजतात. खोल्यांच्या हिशेबाचं काम असेल तर वही, पावत्या, चष्मा रात्रीच टेबलावर. कलमांवर फवारणी असेल तर पंप तपासलेला, औषधाचं माप काढलेलं, जुने कपडे खुंटीला. फवारणीला तर तीच वेळ लागते, ऊन आणि वारा वाढायच्या आत.

काम मोठं असेल तर त्याचे न्याहारीआधी संपतील एवढे तुकडे करा. मी सरकारी योजनेचा एक अर्ज तीन महिने पुढे ढकलत होते. मग चार दिवसांच्या सकाळींत वाटून टाकला: पहिल्या दिवशी फक्त कागद गोळा, दुसऱ्या दिवशी झेरॉक्सची यादी, तिसऱ्या दिवशी अर्ज भरणं, चौथ्या दिवशी बाबांनी तो दाखल केला. मुलाच्या अभ्यासालाही हेच लावलं. गणित आणि विज्ञानाची उदाहरणं पहाटे, आकृत्या आणि नकाशे संध्याकाळी. पूर्वी उलटं चालायचं, रात्री दहाला गणित काढून बसायचा आणि रडकुंडीला यायचा.

दुपारी जेवल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हा. बायकांना हे सांगताना मी जरा जोर देऊनच सांगते, कारण आपण पडलेलो असतो तेव्हाही मनात "अजून भांडी राहिली" चालू असतं. वामकुक्षी वहीत लिहा, म्हणजे ती कामाइतकीच हक्काची होईल. उठल्यावर हातांची कामं घ्यावीत: सुपारी सोलणं, कुळीथ निवडणं, पाकिटं भरणं. हात चालू राहतात आणि गप्पाही होतात. सासूबाईंकडून मी जे काही शिकले ते या तीन ते पाचच्या वेळात.

चौदा आणे झालं की काढा

हापूस झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. रुपयाचे सोळा आणे धरले तर चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवतात आणि पिकायला पेंढ्यात अढी घालतात. सोळा आण्यांची वाट पाहिली तर फळात साका होण्याची भीती वाढते. बाहेरून आंबा देखणा दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस निघतो. बागायतदाराला हे कळतं, पण घरातल्या कामांत आपण सोळा आण्यांच्या मागे लागतो.

मी कामांची दोन पानं केली. चौदा आण्यांचं पान: झाडलोट, कपाटं लावणं, पाहुण्यांच्या ताटातल्या पदार्थांची संख्या, समारंभाच्या रांगोळ्या, निरोपांना दिलेली उत्तरं. सोळा आण्यांचं पान: पैशाचा हिशेब, औषधं, गॅस आणि विजेची जोडणी, कुणाला दिलेला शब्द. पूर्वी मी पाहुण्यांना दुपारच्या जेवणात अकरा पदार्थ वाढत असे. आता सहा वाढते: ताजी मासळी, सोलकढी, भाजी, भात, भाकरी आणि घरचं लोणचं. पाहुण्यांची एकही तक्रार आली नाही. उलट मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायला सवड मिळते आणि पुष्कळ जण त्या बोलण्यासाठीच पुन्हा येतात असं दिसलं.

फेऱ्या, वस्तू, फोन

हे भाग झटपट उरकण्यासारखे आहेत. बाजाराच्या फेऱ्या पाचावरून दोनावर आणल्या. स्वयंपाकघराच्या दाराला चिठ्ठी टोचलेली असते, जे संपेल ते ज्याच्या लक्षात येईल त्याने लिहायचं. जो तालुक्याला जाईल त्याने बँक, बाजार, दवाखाना, झेरॉक्स एकाच दमात करायचं. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जायची वेळ येते तेव्हा धक्क्यावर थांबावं लागतंच. त्यासाठी पिशवीत कायम काहीतरी असतं, विणकाम नाहीतर वाचायचं पुस्तक. नसलं तर खाडीकडे पाहत बसते, तोही वेळ चांगला जातो.

कोयता, चाव्या, गॅसचं पुस्तक, विजेरी, कात्री यांना एकेक खिळा ठोकला. एका दुपारचं काम, पण रोजची वीस मिनिटं वाचली.

फोन दिवसातून तीनदा: न्याहारीनंतर, वामकुक्षीनंतर आणि रात्री जेवणाआधी. खोल्यांच्या चौकशीसाठी दर, जेवण, रस्ता, नियम हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवलं आणि तेच पाठवते. मधल्या वेळात फोन माजघरातल्या फळीवर असतो. खरंच तातडीचं असेल तर माणूस फोन करतो, निरोप लिहीत बसत नाही.

वर्ष नक्षत्राने मोजा

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते. दरडी, पाणी, वाहून आलेली माती यांचा धोका ओळखून गाड्यांचा वेग कमी करतात आणि खेडला येणाऱ्या गाडीची वेळसुद्धा बदलते. एवढी मोठी रेल्वे पावसापुढे नमतं घेते, तर आपण बाराही महिने एकाच वेळापत्रकाने का चालायचं? आमच्या घरात दोन वेळापत्रकं आहेत, उघडिपीचं आणि पावसाळी. पावसाळ्यात मी प्रत्येक कामाला दीडपट वेळ धरते. कपडे तीन दिवस वाळत नाहीत, एसटी उशिरा येते, लाकडं ओली असतात, माणसाचं अंगही जड होतं. दीडपट धरल्यापासून चिडचिड निम्म्यावर आली.

महिन्याऐवजी मी नक्षत्र हे माप धरलं आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. महिन्याचं नियोजन फार लांबचं वाटतं आणि आठवड्याचं अपुरं पडतं. दोन आठवड्यांचं हे माप हाताला बरोबर बसतं. शिवाय आपल्या शेतीची कामं पिढ्यान्‌पिढ्या याच मापाने बोलली जातात. पंचांगात तारखा असतात, त्यात एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

आमच्या पानांवर काय असतं ते थोडक्यात सांगते. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते. तोवर आमसुलं, पापड, सुकी मासळी, तिखट-मसाला, वर्षाचं मीठ, लाकूडफाटा, कौलं चाळणं हे सगळं संपलेलंच पाहिजे. त्या आमसुलांच्या नुकसानीनंतर मी हे काम एप्रिलअखेरीला, पहिले रातांबे हाती येताच सुरू करते. रोहिणीत फक्त झाकापाक आणि गटारं साफ करणं ठेवलं आहे. ७-८ जूनला मृग, तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची, पेरणी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, तेव्हा लावणी. लावणीच्या दोन नक्षत्रांत मी दुसरं एकही मोठं काम घेत नाही, खोल्याही बंद ठेवते. पैसा थोडा कमी येतो, पण चिखलातून येऊन पाहुण्यांचं जेवण करताना जी दमणूक व्हायची ती थांबली. मघा-पूर्वाच्या आसपास बहुतेक वेळा गणपती येतात. हस्त सरत आला की भातकापणीची तयारी. थंडी पडली की कलमांच्या मोहोराकडे लक्ष आणि फवारण्या. मार्चपासून आंबा.

या जुन्या मापाला एक सुंदर शब्द जोडलेला आहे: बेगमी. पावसाळ्याची बेगमी म्हणजे नुसतं धान्य भरणं नाही, तर पुढे वेळ मिळणार नाही हे ओळखून आज केलेली तजवीज. मी वेळेचीही बेगमी करते. जूनआधी मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं, दाखले, सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी, इन्व्हर्टरची बॅटरी. मच्छीमारांकडे पाहा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीसाठी. त्या दिवसांत बंदरावर जाळी उसवून पुन्हा विणतात, होड्यांची डागडुजी होते, इंजिनं उघडतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्या उघडतो तेव्हा सगळं सज्ज असतं. दुरुस्तीसाठी वर्षातला वेळ असा राखून ठेवणं आपल्या घराला आणि शरीरालाही हवं. माझा तो काळ पुष्य आणि आश्लेषा, लावणी झाल्यावर आणि गणपती यायच्या आधी.

"मदत" नको, वाटणी हवी

इथवर वाचलेल्या पुरुषांनी हा भाग नीट वाचावा. घरातल्या बाईने कितीही वह्या लिहिल्या तरी सगळी कामं तिच्याच डोक्यात असतील तर तिला वेळ मिळणार नाही. काम करण्याइतकंच ते लक्षात ठेवण्याचं ओझं असतं. "सांग ना, काय मदत करू?" या प्रश्नात सांगण्याचं काम पुन्हा तिच्याकडेच येतं.

आम्ही दर रविवारी रात्री जेवण झाल्यावर ओटीवर वीस मिनिटं बसतो. पंचांग, वही आणि मुलांचं शाळेचं वेळापत्रक मध्ये ठेवतो. कामं वाटली जातात ती पूर्ण जबाबदारीने. मोटर आणि टाकी मुलाकडे: पाणी संपलं तर त्याने उत्तर द्यायचं, मी आठवण करणार नाही. बाजार, गॅस आणि पाहुण्यांचं येणं-जाणं बाबांकडे. देवाची फुलं, कोंबड्या आणि दाराची चिठ्ठी मुलीकडे. सासूबाई स्वतः निवडतात. त्यांनी वाटण आणि लोणच्यांचं खातं घेतलं आहे आणि त्यात कुणी लुडबुड केलेली त्यांना चालत नाही.

पहिले दोन महिने जड गेले. टाकी तीनदा रिकामी पडली, एकदा तर पाहुणे असताना. माझी जीभ शिवशिवायची, पण मी बोलले नाही. चौथ्या वेळेपासून मुलाने स्वतःच घड्याळाचा गजर लावला.

गणपतीत मुंबईहून दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलं येतात. बारा-तेरा माणसं घरात, वर आरत्या, भजनं, गावातल्या घरोघरी जाणं. दोन नक्षत्रं आधीच फोन करून वाटणी करते: मोदकांना कोण, भाजीला कोण, भांड्यांना कोण, विसर्जनाला कोण. एके वर्षी जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, पहिल्यांदा आरतीला शेवटपर्यंत तुम्हाला उभं राहिलेलं पाहिलं."

आनंद आधी लिहा

पहिल्या वहीतले ते चार टिपके आठवतात? उरलेल्या वेळात आनंद करायचा म्हटलं तर वेळ उरत नाही. म्हणून नक्षत्राचं पान उघडलं की सगळ्यात आधी, शाईने, दोन-तीन आनंदाच्या गोष्टी लिहायच्या आणि मग बाकीचं.

आमच्या किनाऱ्यावर, आंजर्ल्याला आणि मंडणगड तालुक्यात वेळासला, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि सकाळी किंवा संध्याकाळी ती समुद्रात सोडतात. पुण्या-मुंबईहून माणसं ते पाहायला येतात, माझ्याच खोल्यांत राहतात. आणि मी लग्न होऊन आल्यावर नऊ वर्षं गेले नव्हते! वहीत लिहिलं तेव्हा गेले. तळहाताएवढीसुद्धा नसलेली ती पिल्लं ओल्या वाळूवर थांबत, पुन्हा निघत पाण्याकडे जात होती. पहिली लाट आली, एकाला उलटं मागे आणून टाकलं. ते सरळ झालं आणि पुन्हा चालू लागलं. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. आता दर वर्षी मार्चच्या पानावर ते आधी लिहिलेलं असतं, आणि त्या सकाळी आमच्याकडे न्याहारी उशिरा मिळेल असं पाहुण्यांना आदल्या दिवशीच सांगते.

सगळं मोडतं तेव्हा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगडकडचे माड, पोफळी, कलमं आडवी झाली. आमच्या आगरात उभं राहायला जागा नव्हती, ओटीवरून थेट समुद्र दिसत होता, जो पूर्वी कधी दिसला नव्हता. वीज कितीतरी दिवस नव्हती. अशा वेळी कुठलंही वेळापत्रक टिकत नाही आणि टिकवायचा प्रयत्नही करू नये. आम्ही तेव्हा दिवसाला तीनच गोष्टी लिहीत होतो: पिण्याचं पाणी, छप्पर, दोन वेळचं अन्न. चौथी गोष्ट कुणी काढली तर "उद्या". त्या तीन ओळींनी आम्हाला सावरलं. पुढच्या वर्षी पोफळीची नवी रोपं लावली. त्यांना फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, म्हणून तीही वहीत लिहिली, अगदी शेवटच्या पानावर.

रोजच्या लहानसहान मोडतोडीलाही हाच नियम. मुलाला ताप आला, मोटर जळली, अचानक पाहुणे आले, की पानावर आडवी रेघ मारा आणि फक्त तीन कामं ठेवा. दुसऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामं पुढच्या पानावर उतरवू नका. त्यातली दोनच उचला. उरलेल्यांपैकी बरीचशी न केल्याने काही बिघडत नाही, असं तुम्हाला दिसेल.

उद्याचं आमचं पान असं आहे. रविवार, त्रयोदशी, थंडीचे दिवस. बाबा पहाटे कलमांवर, फवारणी ऊन चढायच्या आत. माझं मऊभाताआधीचं काम, गेल्या महिन्याच्या खोल्यांचा हिशेब, पावत्या टेबलावर काढून झाल्या. मुलाची मोटर साडेसातला. अकराला गाद्या उन्हात, तीनच्या आधी घरात. दुपारी वामकुक्षी. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे भरती तेव्हा आणि ओहोटी चारच्या सुमारास. तीनला सगळे खाडीवर, तिसऱ्यांना, सासूबाईसुद्धा येतो म्हणाल्या आहेत. टोपल्या पडवीत काढून ठेवल्या आहेत.